समुद्रावरची बाई

प्रेमराज आबांनी ते पुस्तक दोन बोटांत धरलं, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसं. मुखपृष्ठावर समुद्री चाच्यांचा सरदार होता, उघड्या छातीचा, दाढीवाला. त्याच्या मिठीत केस मोकळे सोडलेली बाई, आणि मागे पेटलेलं जहाज.

"तुनी बायको हाई वाचस," ते मुलाला म्हणाले. "पोथी वाचती ते गोष्ट येगळी व्हती."

स्वप्नील खाली मान घालून जेवत राहिला.

गाव दोंडाईच्यापासून दोन कोसांवर. सून सारिका मात्र धुळ्यात वाढलेली, कॉलेज केलेली. माहेरून तिने साड्यांपेक्षा अशी पुस्तकंच जास्त आणली होती.

आबांनी ते पुस्तक ओसरीवर नेऊन मित्रमंडळींना वाचून दाखवलं. एका सावकाराची बायको. चाचे तिला पळवतात. ती आधी रडते. मग तिला कळतं, की जहाजापेक्षा नवऱ्याच्या घरीच आपण जास्त कैदेत होतो. सरदार तिच्यावर भाळतो, तर ती त्यालाही धुडकावते आणि स्वतः सुकाणू धरते.

"सैपाक सोडीसन सुकाणू!" आबा म्हणाले. मंडळी पोट धरून हसली.

"आबा, हसू नका," मंडळींतला भाईदास म्हणाला. "अशी वाचणारी बाई एक दिवस घर सोडीसन पयी जाई."

ते आबांच्या मनात रुतलं. पुस्तकं जाळली तर व्याह्यांकडे बोभाटा होणार. त्यांनी बायकोला बोलावलं. ताईबाईला अक्षरओळख नव्हती.

"रोज दुपारी सूनना जवळ बस. तिले मोठ्यानी वाचाले लाव. बठ्ठं ऐक आनि माले सांग."

ताईबाईने मान हलवली. लग्न झाल्यापासून ती अशीच मान हलवत आली होती, आणि आबांना तिचा एवढाच गुण ठाऊक होता.

त्या दिवसापासून दुपारी कापूस वेचून आल्यावर ताईबाई सुनेपाशी बसू लागली. रात्री आबा ताटावर बसले की विचारत, "काय म्हणस ती समुद्रावरली?"

"रडी राहिनी अजून."

पुढे एकदा ताईबाई आपणहून बोलली. "येडी शे ती बाई. होडी किनाराले लागेल व्हती. पहारावर कोनी नव्हतं. तरी बसी राहिनी."

"मंग? मी काय सांगत व्हतू?" आबा खूश झाले. बायको वळणाची निघाली. असल्या बाईचा तिलाही राग येतो, हे त्यांनी भाईदासला मुद्दाम सांगितलं.

पुस्तक संपलं, तर ताईबाईने दुसरं काढायला लावलं. पाळत अर्धवट सोडायची नसते, असं आबांनीच तिला बजावलं होतं.

आणि मग भाईदास खबर घेऊन आला. सारिका दोंडाईचा स्टेशनवर सुरतच्या गाडीची चौकशी करताना दिसली होती. आबा तडक घरी गेले. कापसाच्या ढिगामागे नवी कोरी पिशवी होती. आत कपडे, कंगवा, खोबरेल तेलाची बाटली.

त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. नाक कापलं जायच्या आत धरायची, तीही पुराव्यासकट. बाजाराच्या दिवशी सून घरातून नाहीशी झाल्याचं दिसताच त्यांनी ढिगामागे पाहिलं. पिशवीही नव्हती. मोटारसायकल काढून त्यांनी स्टेशन गाठलं.

फलाटाच्या बाकावर सारिका एकटी बसली होती. पिशवी मांडीवर. आबांना रागाच्याही आधी समाधान वाटलं. आपण म्हटलं तेच झालं.

"ऊठ," ते म्हणाले. "कोन शे तो?"

"कोण, आबा?"

"ज्याना संगे जाई राहिनी तो. चार बुकं वाचीसन अक्कल गहाण टाकी दिधी तू. तुनी सासू सारखी म्हणस, ती बाई येडी शे. तिनापाहीन तरी काही शिकती."

"शिकले ना," सारिका म्हणाली. "पण मी कुठे जात नाहीये, आबा. रात्रीच्या भाकरी मलाच टाकायच्या आहेत."

तिची नजर आबांच्या खांद्यावरून पलीकडे गेली. ते वळले.

तिकीट खिडकीकडून ताईबाई येत होती, हातात एकच तिकीट घेऊन. आबांना पाहून ती थबकली नाही, डोक्यावरचा पदरही सावरला नाही. त्यांना वळसा घालून ती बाकापाशी आली आणि तिने हात पुढे केला. गाडी फलाटात शिरत होती.

"पिशवी दे, सारिका," ती म्हणाली. "मनी गाडी उनी."