गाळलेली ओळ

"ती ओळ घाला ना दादा," मयुरी फोनवर तिसऱ्यांदा म्हणाली. "मले तं रोज भेव वाटते. चुकीच्या मशीनवर पुसलं तं?"

देवेश हसला. लिनक्स कर्नलवर, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यावर, प्रयोग करणाऱ्यांसाठी त्यानं खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर उभा केला होता. त्याच्या स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांच्या याद्या, आणि माहितीपत्रक तोच सांभाळायचा, देऊळघाटच्या घरी बसून, पाच वर्षं. खोटं मशीन बिघडलं की सफाईची स्क्रिप्ट चालवायची. त्याची साठवणीची डिस्क कोरी, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. खामगावची मयुरी या कामात नवखी. तिला माहितीपत्रकात एवढंच हवं होतं: 'सफाईआधी आपण कोणत्या मशीनवर आहोत ते पाहा.'

"एवढं ज्याले समजत नाही, त्यानं कर्नलले हातच लावू नये," देवेश म्हणाला.

खरं तर ती ओळ आधी होती. बाळबोध वाटते म्हणून त्यानंच गाळली होती. हुशारीचा माज, दुसरं काय!

बाजूच्या खाटेवर त्याचे वडील उद्धवराव, त्याचे आबा, बसले होते. तीस वर्षं शाळेत कविता शिकवलेल्या माणसाची वाचा अर्धांगवायूनं नेली. त्यांच्या वर्गाच्या जुन्या कॅसेट देवेशनं याच कॉम्प्युटरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या आणि बुरशी लागलेल्या कॅसेट फेकून दिल्या. रोज चार वाजता आबा आपलाच आवाज ऐकायचे. दिवसभरात तेवढाच वेळ त्यांच्या तोंडावर हसू असायचं.

"फोन ठेवू नको, आताच चालवून दाखवतो," देवेश मयुरीला म्हणाला. त्यानं स्क्रीनवर समोर असलेल्या काळ्या खिडकीत सफाईची कमांड दिली. 'नक्की पुसायचं?' 'हो.' मग तो तिला नव्या लोकांच्या फजितीचे किस्से सांगत बसला. एरवी चहाच्या दोन घोटांत उरकणारं काम कप रिकामा झाला तरी चाललंच होतं.

"झालं का हो दादा?"

"हाव, झालं. सांग, काऊन भ्यायचं याले?"

"बरं. मंग राहू द्या ती ओळ," मयुरी नरमून म्हणाली.

चार वाजले. आबांनी काठी दोनदा आपटली.

"लावतो, आबा." देवेशनं समोरची खिडकी बाजूला सारली. मागं अगदी तशीच दुसरी काळी खिडकी होती. खोट्या मशीनची. तिच्यातली एकही फाईल गेली नव्हती; कोरी झाली होती ती खऱ्या कॉम्प्युटरची डिस्क.

आबांनी हात कानाशी नेला.