शालीकरामचं अक्षर

हात वर करायची वेळ आली तसा शालीकराम मजुरांच्या सकाळच्या सभेतून उठला आणि घराकडे चालू लागला. चैतरामच्या नावानं दीडशे हात वर जाताना पाहायची त्याची तयारी नव्हती.

गोंदियाच्या त्या विडी कारखान्यात मजुरांच्या वतीनं शेठशी बोलायला, अडतीस साली पहिल्यांदाच, एक माणूस निवडायचा होता. भांडण छाटीवरून होतं. मजुराच्या विड्यांतून खराब म्हणून ज्या बाजूला काढत, ती छाट. तिची मजुरी मिळत नसे, आणि त्याच विड्या शेठ गुपचूप बाजारात विकत असे. मजुरांचं म्हणणं एवढंच, की छाट मजुराच्या डोळ्यांदेखत मोडावी.

शालीकराम सातवी फायनल पास होता. कारकुनाच्या जागेसाठी त्यानं सुरेख अक्षरात तीनदा अर्ज केला, जागा शेठच्या भाच्याला गेली आणि हा विड्या वळत बसला. मजुरी हजारामागे, आणि तेंदूच्या पानाला कोण किती शिकला याचं सोयरसुतक नसतं. शालीकराम दिवसाला सातशे वळायचा, चैतराम बाराशे. चैतरामला स्वतःचं नावसुद्धा वाचता येत नव्हतं. तरी सगळे त्याचा सल्ला घ्यायचे, त्याला भाऊ म्हणायचे, आणि शालीकरामच्या पोटात दुखायचं. तो ते कबूल करत नसे, हा भाग वेगळा.

त्याची बायको जमुनाबाई त्याच कारखान्यात होती. ती सभेवरून आली तीच हसत. भाकरी थापतानाही हसू ओठांवरून जाईना.

"एवढी खूश काऊन?" त्यानं विचारलं.

"उद्या समजल. चैतरामभाऊ लय चांगले बोलले जी."

झालं. आता घरच्या चुलीपाशीही चैतरामच. समोरची भाजी त्याला कडू लागली.

दुपार कलायच्या आत चैतराम स्वतःच दारात आला. हातात कोरा कागद आणि नवा कोरा टाक. शेठ तोंडी काही ऐकायला तयार नाही, मागणी लिहून मागतो, असं त्यानं सांगितलं. ती शालीकरामनं लिहावी. मग, कोण जाणे कशासाठी, त्यानं शालीकरामला सही करून दाखवायला लावली. शालीकरामनं एका पुठ्ठ्यावर झोकात सही केली. चैतराम ती कितीतरी वेळ पाहत राहिला. जळतोय लेकाचा, असं शालीकरामला वाटलं आणि जरा बरं वाटलं.

"कागदावर नाव कोनाचं नोको टाकू गा," चैतराम म्हणाला. "ते शेठसमोरच करू."

अंगठ्याला नाव लागतं कशाला, शालीकराम मनात म्हणाला.

त्यानं मागणी लिहिली. एक काना-मात्रा चुकली नाही. शेवटी मात्र एक ओळ स्वतःच्या पदरची घातली. छाट शेकड्यामागे पाचावर गेल्यास ही मागणी रद्द समजावी, आणि खाली सही अथवा अंगठा करणाऱ्यास त्याच दिवशी कामावरून कमी करावे. शेकड्यामागे दहाच्या खाली छाट कधी गेलीच नव्हती. मग त्यानं सगळा कागद मोठ्यानं वाचून दाखवला आणि तेवढी ओळ गाळली.

"बेस लिवलं," चैतराम म्हणाला, आणि कागदाची घडी जपून बंडीच्या खिशात ठेवून गेला. त्या रात्री शालीकराम कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मजूर कारखान्याच्या अंगणात जमले. शेठनं कागद एकदा वाचला, पुन्हा वाचला. शेवटाशी त्याची नजर जरा जास्त रेंगाळली. मग त्यानं चष्मा काढला, मागणी मंजूर म्हणून सांगितलं आणि अंगठ्यासाठी शाईची गादी चैतरामपुढे सरकवली. गर्दीत आनंदाची कुजबुज उठली. मागं उभा असलेला शालीकराम अंगठा बघायला टाचा उंचावून उभा राहिला.

चैतरामनं गादी बाजूला केली.

"शेठ, अंगठेवाल्याले कोनीबी फसवते," तो म्हणाला. "म्हनून काल आमी शिकलेला मानूस निवडला. नाव म्या सुचवलं. पयला हात जमुनाबाईचा होता."

माणसांनी बाजूला होऊन वाट दिली. बायकांच्या रांगेत जमुनाबाई पदर सावरून उभी होती, कालच्यासारखीच हसत. चैतरामनं नवा टाक शाईत बुडवला आणि शालीकरामच्या हातात दिला.

शेठनं कागद त्याच्याकडे फिरवला आणि शेवटच्या ओळीवर अलगद बोट ठेवलं.

"करो दस्तखत, शालीकराम. अक्षर तो तुम्हारे ही हैं."