मिठागरावरचा गूळ

बायजानं तिसऱ्यांदा भात वाढला, तेव्हा भिवानं हात आडवा धरला नाही. उलट ताट पुढं सरकवलं.

"भरून घाल ना. हात काय आखडतेस?"

"घालते. तांदूळ काय संपत नाय." बायजा हसली. नवरा जेवताना बघायला तिला फार आवडायचं. आणि का आवडू नये? गेल्या भाद्रपदात हाच माणूस वाळून काठी झाला होता. घागरीनं पाणी प्यायचा आणि सारखा परसात पळायचा.

तेव्हा आगगाडीत बसवून तिनं त्याला कल्याणच्या वैद्यबुवांकडे नेलं. बुवांनी धान्यच तोडलं. भात नाही, भाकर नाही, पेजसुद्धा नाही. मासळी खा, शेवग्याचा पाला खा, कारली खा. आणि बायजाला बाजूला घेऊन सांगितलं, "हा लघवीला बसतो ती जागा रोज सकाळी बघत जा. मुंग्या लागल्या तर रोग अंगात आहे. मुंग्या येईनाशा झाल्या की उतार पडला समज."

बायजानं ते असं मनावर घेतलं की शेजारणी तिला हसायच्या. कोण बाई उठल्याउठल्या देवाच्याही आधी असली जागा बघते! हसू देत मेल्या. ती बघायची. धान्य सुटून दोन महिने झाले, तशा मुंग्या विरळ झाल्या. भिवाच्या अंगात जीव आला, तहान कमी झाली. पौषात दोघं दिवा गावच्या खाडीवर, मिठागरातल्या खोपीत राहायला आली, आणि मुंग्या थांबल्याच. एकही नाही. महिनाभर बघून बायजाला वाटलं, गेली एकदाची पीडा. जन्मभर भातावर वाढलेला माणूस, भाताशिवाय किती दिवस काढील? तिनं मूठभर दिला. सकाळी बघितलं, मुंगी नाही. दोन मुठी दिल्या. मुंगी नाही. आता वैशाख लागला होता आणि भिवा दोन्ही वेळा पोटभर भात खात होता.

खोपीच्या दारात रंगूबाई टेकली होती. भिवाची थोरली बहीण, ठाकुर्लीला दिलेली. दुपारीच आली होती. आल्यापासून ती भावाला न्याहाळत होती.

"पायाला काय रं झालं?"

"फावडं लागलं. शिमग्याच्या आधी."

"शिमग्याच्या आधी? आन अजून फडकं?"

"दुखत नाय गं. दिवसभर मिठाच्या पान्यात उभा असतो, पन चुरचुरतसुद्धा नाय." भिवा मोठ्या अभिमानानं म्हणाला. "हिनं बघ कसा बरा केलाय मना."

बायजा लाजली. रंगूबाईच्या मनाला काही ते पटलं नाही; पण जेवत्या माणसाशी वाद कोण घालणार? ती उठली आणि दाराशेजारच्या कुडापाशीच थांबली.

"बायजा, हा गूळ मी शिमग्याला धाडलेला तोच ना?"

"हो वन्सं. ह्यांना गोड चालत नाय, म्हणून वर खोचून ठेवला. मग विसरलेच बघा."

उन्हानं गूळ वितळला होता. कुडावरून ओघळत पार जमिनीपर्यंत आला होता. रंगूबाईनं त्याला बोट लावून बघितलं आणि तिला हसू आलं.

"ठाकुर्लीला असता तर दोन घटकांत काळा झाला असता. इथं दोन महिने पडलाय आन एक मुंगी नाय!"

बायजाच्या हातात भाताचं टोप होतं.

"एक नाय?" तिनं विचारलं.

"कुठून येनार? चौफेर मीठ. मिठागरात मुंगी कुनी बघितलीय का? तू तरी बघितलीस?"

बायजानं बघितली नव्हती. चार महिने ती रोज सकाळी खोपीमागं जाऊन वाकून बघत होती. पण मुंगी तिला कुठंच दिसली नव्हती. गुळावर नाही, सांडलेल्या शितांवर नाही, बांधावर मरून पडलेल्या खेकड्यावरही नाही. हे तिच्या आता ध्यानात आलं.

तिनं भिवाच्या पायाकडं बघितलं. सकाळी बांधलेलं फडकं टाचेपाशी पुन्हा ओलं झालं होतं. तो मांडी घालून, तीच टाच खाली दाबून, बोटं चाटत बसला होता.

"अगं आई गं," बायजा पुटपुटली. "माझ्या हातानं घातला."

"काय घातलंस?" रंगूबाईनं विचारलं.

भिवानं ताट पुन्हा पुढं केलं.

"घाल ना. बघत काय बसलीस?"

"संपला," बायजा म्हणाली. अर्धं भरलेलं टोप तिनं पोटाशी धरलं, वरून पदर ओढला.

"संपला तर संपला. मग पानी तरी दे." शेजारचे दोन तांबे त्यानं रिकामे केलेच होते. "घसा कोरडा पडलाय. आज ऊन जाम लागलंय."

सूर्य केव्हाच बुडाला होता. खाडीवरून गार वारा सुटला होता, आणि दारात रंगूबाईनं अंगाभोवती पदर लपेटून घेतला होता.