साकव बसला त्या दिवशी

क्रेनला नवा साकव टांगलेला होता आणि ओढ्याच्या दोन्ही काठांवर माणसं माना वर करून उभी होती. लोखंडाचा तो लांबलचक सांगाडा हवेत सावकाश फिरत होता. खाली मुकादम दोन्ही हातांनी खुणा करत होता, अजून, अजून, थांब. धाकटी इस्त्रीचं दुकान तसंच उघडं टाकून आली होती, पण तिचं लक्ष क्रेनकडे नव्हतं. पलीकडच्या काठावर, गर्दीपासून जरा बाजूला, तिची थोरली बहीण उभी होती.

पुराने जुना पूल नेला, त्याआधी दोघी बहिणींचा बरीच वर्षं अबोला होता. आईच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून शब्दाने शब्द वाढला, तो वाढलाच. पूल होता, फोन होते. आधी कुणी जायचं आणि आधी कुणी करायचा, एवढ्यावर अडलं होतं. पूर ओसरला त्या सकाळी मात्र धाकटी जिवाच्या आकांताने काठावर धावली, तर समोर थोरली. पाय चिखलाने माखलेले, केस सुटलेले.

"बरी आहेस ना?" धाकटी ओरडली.

"बरी आहे," पलीकडून आलं.

मग तो रोजचाच नेम झाला. दुकान उघडायच्या आधी धाकटी काठावर जायची आणि थोरली आधीच आलेली असायची. ओढा निम्मे शब्द गिळायचा, त्यामुळे भांडायची सोयच नव्हती. आज पाणी उतरलंय, भाच्याला नोकरी लागली, गुडघे कसे आहेत, एवढंच. धाकटीचा नवरा म्हणायचा, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं बोलता, म्हणून तर इतकं गोड बोलता. ती हसण्यावारी न्यायची. पण साकवाचं काम सुरू झाल्यापासून त्या बोलण्याने तिच्या मनात घर केलं होतं. साकव झाला की काठावर येऊन ओरडायचं कारण संपणार. मग पुन्हा तेच, आधी कुणी जायचं?

साकवाचं अलीकडचं टोक जागेवर बसलं. पलीकडचं बसेना. बोल्टची भोकं बोटभर चुकत होती. चौघं पहारी लावून रेटत होते, मुकादमाचा चेहरा घामाने निथळत होता. उचल, जरासं, सोड, असं कितीदा झालं कोण जाणे. आणि मग एकदम धप्प असा आवाज आला, पायाखालची माती हादरली आणि दोन्ही काठांवर टाळ्या पडल्या. शेजारच्या न्हाव्याने तर सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला, जणू त्यानेच साकव उचलून धरला होता.

बोल्ट आवळून झाल्यावर मुकादम स्वतः पलीकडे जाऊन आला. मधोमध त्याने दोन उड्याही मारून पाहिल्या. मग त्याने सांगितलं, थोडे थोडे जा, आणि कठड्याला हात लावू नका, रंग ओला आहे.

कुणीच हललं नाही. जो तो दुसऱ्याला, तुम्ही व्हा पुढे, म्हणत होता. धाकटीचे पायही जागचे हलेनात. तेवढ्यात तिला दिसलं, पलीकडून थोरली साकवावर चढली होती. दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पाऊल टाकत, ओला कठडा सरळ हातांनी धरून ती येत होती. अर्ध्यावर आली आणि थांबली.

परततेय, असं धाकटीच्या मनात आलं. त्यानंतर आपण कधी निघालो, ते तिचं तिलाही कळलं नाही.

जवळून थोरली फार बारीक झालेली दिसली. ओढ्यापलीकडून ते कधी कळलंच नव्हतं.

"एक सांगायचं होतं," थोरली हळू आवाजात म्हणाली. "ओरडून सांगण्यासारखं नव्हतं."

"काय?"

"छातीत गाठ होती माझ्या. काढली. तपासायला पाठवली होती." तिने पदराने तोंड पुसलं. "साधी निघाली. डॉक्टर म्हणाले, आता घोर नाही. काल संध्याकाळी म्हणाले."

धाकटीने कठडाच धरला. खालून पाणी वाहत होतं, ते तिला क्षणभर दिसेनासं झालं. दवाखान्यात बरोबर कोण होतं, असं तिने विचारलं. कोण असणार, एकटीच गेले, असं थोरलीने सांगितलं.

"आणि रोज मला सांगत होतीस, बरी आहे, बरी आहे?"

"तू रोज तेवढंच विचारत होतीस गं," थोरली म्हणाली. "आणि खरं सांगू, तू विचारलंस की तेवढ्यापुरती बरी व्हायचे."

धाकटीच्या मनात राग होता, रडू होतं, आणि या सगळ्याच्या तळाशी छातीवरची धोंड उतरावी तसं काहीतरी हलकं हलकं होत होतं. थोरलीने तिचं मनगट धरलं. कठड्याचा हिरवा रंग दोघींना लागला.

मागून मुकादमाने सांगितलं की मावशी, पुढे व्हा, लोक खोळंबलेत.

"चल," थोरली अगदी कुजबुजत म्हणाली.

"कुठे चलायचं?" धाकटीने विचारलं. बहीण हातभर अंतरावर होती, पण गळ्याला ओरडायची सवय पडली होती. तो आवाज एवढा मोठा निघाला की दोन्ही काठांवरची माणसं खळखळून हसली.