मोरपंखी मजला

नवरात्राच्या दुसऱ्या दिवशीही टिपणीस आजोबा फिरून परतताना शेजारच्या सोसायटीत शिरले. नवरात्राच्या रंगांप्रमाणे काल गल्लीतल्या सगळ्या इमारती पिवळ्या होत्या, आज हिरव्या. एरवी एकटी त्यांचीच इमारत मोरपंखी असे, आणि विसरत चाललेल्या त्यांच्या डोक्यात घराची तेवढीच खूण उरली होती.

मुलगी मृणाल त्यांना घरी घेऊन आली आणि तिने सेक्रेटरी सामंतकाकूंना गाठलं. "आमचा मजला तरी मोरपंखी ठेवा, काकू. उद्या बाबा हायवेकडे वळले तर?"

"नऊ दिवसांचा तर प्रश्न आहे गं. तोवर त्यांना खाली सोडू नकोस. गल्लीच्या फोटोत आपल्याच इमारतीला ठिगळ दिसायचं."

त्यांच्या इमारतीच्या भिंतींवर कृत्रिम ओपल रत्नाचा थर होता. त्याच्या सूक्ष्म पोकळ्यांत भरलेल्या द्रवाला वीज जशी कमीजास्त मिळे, तसा भिंतीचा रंग बदले. वीज तुटली की थर मूळ रंगावर येई, आणि मूळ रंग मोरपंखीच होता. मृणालने पक्कड घेऊन आपल्या मजल्याच्या भिंतीला वीज देणारी बाल्कनीखालची वायर तोडली.

तिसऱ्या दिवशी गल्ली करडी झाली. सामंतकाकू खाली उभ्या राहून वर बघत होत्या. आजोबा त्यांच्या शेजारून थेट जिना चढले आणि दारात चपला काढताना म्हणाले, "सगळ्यांनी रंग बदललाय, मृणाल. आपलं घर तेवढं विसरलं बघ."