जांभळा ठिपका

आमच्या कारखान्यात भुतांवर कोणाचाही विश्वास नाही. आम्ही सगळे इंजिनियर. फक्त तपासनीस बाई गेल्यापासून त्यांच्या खुर्चीवर कोणी बसत नाही, इतकंच.

आम्ही सलाइनचे पंप बनवतो. त्यात चिपची जुनी रिव्हिजन, म्हणजे जुनी सदोष आवृत्ती लागली, तर पंप मधेच थांबतो आणि थांबल्याचं कोणाला कळवत नाही. म्हणून बाई आलेली प्रत्येक चिप भिंगाखाली धरून पाठीवरचं रिव्हिजनचं अक्षर वाचायच्या. जुनी निघाली, की तिच्या पोटावर स्वतःच्या जांभळ्या नेलपॉलिशचा ठिपका देऊन वितरकाला परत पाठवायच्या.

काल नवा माल आला. चिपच्या पाठीवर नव्या रिव्हिजनचं अक्षर, कोरं करकरीत. सहज एक उलटी केली, तर पोटावर जांभळा ठिपका. दुसरी केली, तिच्यावरही.

मी वितरकाला फोन लावला. "शेठ, हा तर आमच्या बाईंनी नाकारलेला माल आहे. वरचं अक्षर तेवढं खोडून नवं छापलंय."

"बाई आहेत का अजून?"

"नाहीत. वारल्या."

"अरेरे. मग आता अडचण कोणाची आहे?"

पंप उद्या हॉस्पिटलला पोचवायचे होते. साहेबांनी उठून बाईंची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली.

नेलपॉलिश थिनरनं लगेच निघतं.