तीन दिवसांच्या बोलीवर

"मारा शिक्का," प्राचार्य अंगदरावांनी फॉर्म टेबलावर टाकला. "खाली निरोपाचा कार्यक्रम खोळंबलाय. दत्तराव म्हणाले, तुमचा एकच राहिलाय."

त्रिवेणी मॅडमनी फॉर्म वाचायला घेतला. वरून खालपर्यंत, मग मागची बाजू. जिंतूरच्या या कॉलेजात बावीस वर्षं ग्रंथपाल होत्या त्या. न वाचता कागद हातावेगळा करायचा म्हणजे त्यांना पापच वाटे. सरांच्या निवृत्तीचा ना-देय दाखला होता, कॉलेजचं काही देणं उरलं नाही असं सांगणारा. प्रयोगशाळा, क्रीडा विभाग, कार्यालय, सगळ्यांचे शिक्के पडलेले. ग्रंथालयाचा चौकोन तेवढा कोरा होता.

"शिक्का मिळणार नाही सर. तुमच्याकडं येणं बाकी आहे."

"माझ्याकडं?" अंगदराव हसलेच. "अहो, अकरा वर्षांत तुमच्या ग्रंथालयातलं एक पुस्तक हातात धरलं नाही मी!"

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. त्यांनी चपापून दाराकडं बघितलं. दारात हेडक्लार्क दत्तराव उभे होते. ते पंख्याकडं बघायला लागले.

हेच अंगदराव दर मीटिंगला सांगायचे, "आता समदं मोबाईलवर असतंय. ग्रंथालय म्हणजे शिक्का मारायची खिडकी उरलीय." सगळा स्टाफ खो-खो हसायचा. मॅडम खाली मान घालून बसायच्या, आणि घरी जाऊन भाकरी थापताना परातीवर राग काढायच्या.

"पुस्तक नाही सर," त्या आता म्हणाल्या. "वाचनकक्ष."

दोन वर्षांपूर्वी कॉलेज तपासायला समिती आली, तेव्हा पाहुण्यांच्या चहापाण्याला म्हणून अंगदरावांनी वाचनकक्ष मागून घेतला. तीन दिवसांच्या बोलीवर. चाळीस खुर्च्या गोदामात गेल्या, सोफा आला. समिती गेली, सोफा राहिला. मग एसी बसला, पडदे लागले, आणि दुपारचं जेवण झालं की सर तिथं आडवे व्हायला लागले. चारठाण्याच्या, येलदरीच्या पोरी सकाळच्या एसटीनं यायच्या, परतीची गाडी पाचला. तोवर बसायचं कुठं? जिन्याच्या पायऱ्यांवर. पायाखालून लोक जायलेत, आणि पोरी मांडीवर पुस्तक धरून वाचायल्यात. दत्तरावांची मुलगी भक्तीसुद्धा त्यातच. मॅडमनी सात अर्ज दिले. एकाचंही उत्तर आलं नाही. उद्या नवे प्रभारी येणार, आणि आयता सोफा कोण सोडतंय! आजचा दिवस गेला की कक्ष कायमचा गेला, हे मॅडमना पुरतं ठाऊक होतं.

त्यांनी ड्रॉवर उघडला. वरचं पिवळं कार्ड काढून सरांसमोर ठेवलं. पुस्तक देताना भरतात तेच कार्ड. "वाचनकक्ष एक, खुर्च्या चाळीस, किल्ल्या दोन. परतीची मुदत तीन दिवस." खाली अंगदरावांची लांबलचक झोकदार सही.

"मी कधी केली ही?"

"फोनवर बोलत होता तुम्ही. मी पुढं ठेवलं, तुम्ही केली."

अंगदरावांचा चेहरा लाल झाला. "चेष्टा लावलीय का मॅडम? काय दंड होतोय तो सांगा, टाकतो भरून!"

"दंडानं भागत नाही. नेलेली वस्तूच परत लागते. पोरांना आपण हाच नियम लावतो."

"आणि नाही दिली तर?"

"तर शिक्का नाही. घाई मला नाही सर, तुम्हाला आहे."

मॅडमच्या तळहातांना घाम सुटला होता. ते दिसू नयेत म्हणून त्यांनी हात टेबलाखाली घेतले. अंगदराव दत्तरावांवर खेकसले, "अहो, तुमी तरी सांगा हिला काहीतरी!"

दत्तरावांनी घसा खाकरला. "शिक्क्याबिगर कागद पुढं जात न्हाई सर. आजवर असंच चालत आलंय."

खाली माईकवरून कुणीतरी "माननीय अध्यक्षांचं आगमन झालेलं आहे" म्हणून ओरडलं. अंगदरावांनी एकदा घड्याळाकडं बघितलं, एकदा मॅडमकडं. मग खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातल्या दोन सोडवल्या आणि टेबलावर आपटल्या.

पुढच्या अर्ध्या तासात सोफा व्हरांड्यात आला. गोदामातल्या खुर्च्या पोरींनीच वाहून आणल्या, ओढणीनं पुसल्या, आणि सगळ्या मांडून व्हायच्या आतच निम्म्याजणी वाचायला बसल्या. पंखे तेवढे फिरत होते. मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी कार्डावर "परत मिळाला" लिहिलं, सरांची सही घेतली आणि फॉर्मवर कच्चकन शिक्का मारला. अंगदराव फॉर्म घेऊन तरातरा जिना उतरले.

थोड्या वेळानं माईकवर दत्तरावांचा आवाज आला. "जाता जाता सरांनी आपल्या लेकरांना वाचनकक्ष परत दिला. अध्यक्षसाहेबांच्या साक्षीनं जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!" टाळ्या कडाडल्या. अध्यक्षांनी वाजवल्या म्हणजे आता प्रभारींची काय बिशाद!

मॅडम खुर्चीत टेकल्या. ड्रॉवर उघडाच होता. कार्डाखाली ठेवलेला कागद त्यांनी बाहेर काढला. दत्तरावांनीच टाईप केलेला, आठ दिवसांपूर्वी त्यांनीच हातानं आणून दिलेला आदेश होता तो. "या महिन्यापासून ना-देय दाखल्यावर ग्रंथालयाच्या शिक्क्याची आवश्यकता नाही." खाली प्राचार्य अंगदरावांची तीच लांबलचक झोकदार सही होती, नेहमीसारखी न वाचता केलेली.